पाणी किती फुटांवर आलं?

आषाढ लागला की आम्हां कोल्हापूरकरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. सकाळी दूधवाला दारात येतो. दूध ओतता ओतता तो विचारतो, "वैनी, पाणी किती फुटांवर आलंय?" मंडईत भाजीवाली विचारते. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं. घरात म्हातारं माणूस अंथरुणावरून विचारतं. पाऊस किती पडला हे आम्ही विचारत नाही. तो तर दिसतोच. आम्ही नदीचं विचारतो.

आमची नदी पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीवरून उतरतात. पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे असं जुनी माणसं सांगतात. या पाच जणी शहराजवळच प्रयाग चिखलीला एक होतात, म्हणून ती पंचगंगा. कोल्हापुराला वळसा घालून ती पूर्वेला जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते.

या नदीवर आमचं पोट आहे. हिच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. उसावर साखर कारखाने आणि गुऱ्हाळं चालतात. शहरानं पिढ्यान्‌पिढ्या हिचंच पाणी प्यालं. आमची लहान मुलं घाटावर पोहायला शिकतात. आमची माणसं गेली की त्यांची राखही तिलाच देतो. अशी ही आई.

पण आईचा राग फार वाईट, हेही आम्ही पाहिलं आहे. म्हणून हिच्या काठी राहायचं ते माया आणि भीती दोन्ही उराशी घेऊन. या धड्यात आम्ही या दोन्ही गोष्टी सांगणार आहोत. एक झाकून दुसरी सांगितली, तर ते खरं सांगणं होणार नाही.

पाणी बघायला जाणं

नदी पात्राबाहेर पडली, अशी बातमी येते. मग काय होतं? तुम्हांला वाटेल, लोक घाबरत असतील. छे! लोक पाणी बघायला निघतात. बाया हळदकुंकू घेऊन घाटावर जातात आणि पाण्याची ओटी भरतात. पोरं बापाच्या खांद्यावर बसून येतात. भाजलेली कणसं खात लोक पुलावर उभे राहतात. "औंदा लई पाणी हाय गा!" असं कौतुकानं म्हणतात.

वाडीला तर याहून मोठी गंमत. दत्ताच्या मंदिरात पाणी चढतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला दुरून माणसं येतात. असं हे पाणी. ते चढलं तर आम्हांला आनंद होतो. पण कुठपर्यंत चढलं तर? ती हद्द ओळखता आली पाहिजे. आनंद कुठं संपतो आणि संकट कुठं सुरू होतं, हे डोळ्यांना कळत नाही. ते आकड्याला कळतं.

फूट आणि इंच

कसबा बावड्याजवळ नदीवर राजाराम बंधारा आहे. तिथं पाण्याची उंची मोजतात. ही उंची फुटांत आणि इंचांत सांगतात. बारा इंचांचा एक फूट, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

दोन आकडे नीट ध्यानात ठेवा. पहिला आकडा ३९. पाणी ३९ फुटांवर आलं की ती इशारा पातळी. इशारा म्हणजे सावध व्हा, आवराआवर करा. दुसरा आकडा ४३. पाणी ४३ फुटांवर आलं की ती धोका पातळी. आता थांबू नका.

दोन आकड्यांमध्ये अंतर किती? चार फूट. हे चार फूट म्हणजे नदीनं आपल्याला दिलेला वेळ. कधी हा वेळ दोन दिवसांचा असतो, तर कधी एका रात्रीत संपतो.

आक्काची खूण

आमच्या गल्लीत एक म्हातारी राहते. सगळे तिला आक्का म्हणतात. नदीपासून तिचं घर फार लांब नाही. घर कौलारू, दोन खोल्यांचं. मुलगा शिरोलीला फौंड्रीत कामाला जातो. सून घरी शिवणकाम करते. दोन नातवंडं शाळेत जातात.

२००५ साली मोठा पूर आला होता. आक्काच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. पाणी ओसरल्यावर आक्काच्या मालकांनी भिंतीवर गेरूनं एक रेघ ओढली. पुढं ते वारले. रेघ मात्र राहिली. भिंत दरवर्षी रंगवायची, पण तेवढी रेघ सोडून.

२०१९ साल उजाडलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पावसानं हात धुऊन पाठ धरली. पाणी ४३ च्या वर गेलं. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी लवकर शिरतं. तिथल्या लोकांना हलवलं. आमच्या गल्लीत तालमीतली पोरं आली. "आक्का, चला. शाळेत सोय केलीया," म्हणाली.

आक्कानं भिंतीकडं बोट दाखवलं. "ती रेघ बघ. त्या वक्ताला एवढा पाऊस झाला, तरी पाणी त्याच्या वर गेलं न्हाई. आता काय जातंय? सामान माळ्यावर टाकलंय. जावा तुम्ही."

मुलालाही ते पटलं. त्यालाच काय, आम्हां सगळ्यांना पटलं. गल्लीत प्रत्येकाच्या घरी अशी एक रेघ होती, भिंतीवर नाहीतर मनात.

गाडीवरून भोंगा ओरडत गेला. पाणी इतके फूट झालं, असं त्यानं सांगितलं. पण तो आकडा आणि ही रेघ यांचा मेळ आक्काला घालता आला नाही. रेघ होती, पण रेघेशेजारी आकडा नव्हता. रेघ ओढणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. आक्कालाही वाचता येत नव्हतं.

त्या रात्री सुनेला जाग आली ती पाय ओले झाले म्हणून. दिवे गेले होते. पहाटेपर्यंत पाणी रेघेला लागलं. मग रेघ बुडाली. शेजारच्या माडीवर सगळ्यांनी आसरा घेतला. तिथं सतरा माणसं, एक शेळी आणि एक हंडा पाणी. दोन रात्री त्यांनी तशाच काढल्या. पाणी दाराच्या चौकटीवर चढलं. तिसऱ्या दिवशी बोट आली.

आक्का नंतर आम्हांला म्हणाली, "रेघ खोटी न्हवती गा. पण रेघ झालेलं सांगती. व्हणारं सांगत न्हाई."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. तुम्हीही विसरू नका.

पाण्यात राहून पाण्याला महाग

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेलं. धोका पातळीच्या वर १२ फूट ७ इंच! शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. सुमारे आठवडाभर वाहतूक बंद राहिली. दूध बाहेर जाईना. भाजी आत येईना. पेट्रोल जपून वापरावं लागलं. आक्काच्या मुलाची हजेरी बुडाली.

आणि सगळ्यांत मोठी गंमत ऐका. चोहोकडं पाणी, पण प्यायला थेंब नाही! नदीतून पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली. नळ कोरडे पडले. टँकरपुढं घागरींच्या रांगा लागल्या. पावसात भिजत माणसं पाण्यासाठी उभी होती.

याच दिवसांत शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना नेणारी बोट उलटली. अनेक माणसं बुडाली. बोटीत फार माणसं झाली होती. उशीर झाला की बोट लागते, आणि बोटीचा भरवसा नसतो. वेळेवर निघालं तर पायी जाता येतं.

पण याच शहरानं दुसरंही रूप दाखवलं. वरच्या पेठांतल्या घरोघरी भाकऱ्या थापल्या गेल्या. तालमीतली पोरं दोर घेऊन गळाभर पाण्यात उतरली. लष्कर, नौदल, आपत्तीचं पथक आलं, पण त्याआधी शेजारी आला होता. मठ, शाळा, कार्यालयं उघडली. कुणी जात विचारली नाही. ज्या नदीनं घर नेलं, त्याच नदीकाठच्या माणसांनी ताट वाढलं. मग सांगा, या गावाला वाईट म्हणावं की चांगलं?

चिखल

पूर ओसरला की लोक बातम्या बघायचं सोडतात. आमचं खरं काम तेव्हा सुरू होतं. वीतभर चिखल. कुबट वास. फुगलेली दारं. आक्काची ट्रंक उघडली, तर रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, नातवाचा शाळेचा दाखला यांचा लगदा झाला होता. गादी वाळते, भांडी घासून निघतात. पण मदत मिळवायला कागद लागतो, आणि कागदच पाण्यात गेलेला.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती रंगत होते. चतुर्थी महिन्यावर आली होती. कच्च्या मूर्ती पाण्यात बसल्या त्या बसल्याच. मातीचा देव पुन्हा माती झाला. कुंभारांनी कर्ज काढलं होतं. तरी चिखल उपसून ते पुन्हा कामाला लागले.

आम्हांला वाटलं, असा पूर शंभर वर्षांत एकदाच येत असेल. आता आम्ही सुटलो. पण दोनच वर्षं गेली. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेलं. आधीपेक्षा आठ इंच जास्त.

पाणी एवढं का चढतं?

रागावून उपयोग नाही. कारण समजून घेतलं पाहिजे.

पहिलं कारण पाऊस. गगनबावडा, राधानगरी हा डोंगराळ भाग. तिथं पाऊस धो धो कोसळतो. तो सगळा उतारानं आमच्याकडं येतो.

दुसरं कारण धरणं भरणं. भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे. शाहू महाराजांनी ते बांधायला घेतलं. याच धरणानं आमची शेती पिकवली. त्याला सात दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. सात उघडले तर जवळजवळ १०,००० घनफूट. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, साधारण दोन घागरी. म्हणजे एक, दोन म्हणेपर्यंत वीस हजार घागरी! म्हणून "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" हाही आमचा नेहमीचा प्रश्न.

तिसरं कारण फूग. पंचगंगेला पुढं कृष्णेत शिरायचं असतं. पण कृष्णाच दुथडी भरून वाहत असली, तर तिला वाट मिळत नाही. मोरीच्या तोंडाशी बोळा बसला तर न्हाणीत पाणी तुंबतं ना, तसंच हे. पाणी मागं फुगतं. शहरातला जयंती नाला एरवी नदीत वाहतो. पुरात नदीच नाल्यात शिरते. म्हणून नदी लांब असूनही लक्ष्मीपुरी, शाहूपुरीत पाणी येतं. खाली कर्नाटकात आलमट्टीचं मोठं धरण आहे. त्यामुळं फूग वाढते की नाही, यावर दोन राज्यांत वाद चालू आहे.

चौथं कारण आम्ही स्वतः. हे सांगताना जीभ जड होते, पण सांगायला हवं. नदीला पसरायला जागा लागते. पूर्वी त्या जागेत शेतं आणि गवताची कुरणं होती. पाणी यायचं, गाळ टाकायचं आणि जायचं. आता तिथं भराव पडले. इमारती उभ्या राहिल्या. सरकारी नकाशात निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत जातो. १०० वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत. निळ्या रेषेच्या आत घरं बांधू नयेत, असा नियम आहे. नियम कागदावर राहिला. बांधणारानं बांधलं, विकत घेणारानं घेतलं, आणि बघणारानं बघितलं नाही. नदी आमच्या घरात शिरते असं आम्ही म्हणतो. नदीला बोलता आलं असतं, तर तिनं उलटं सांगितलं असतं.

मग गाव सोडून का जात नाही?

पाहुणे आम्हांला हे विचारतात. "अहो, एवढा त्रास आहे, तर राहता कशाला तिथं?"

सोपं नाही ते. चिखली आणि आंबेवाडी ही गावं नदीला अगदी लागून आहेत. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या. काहींनी घरं बांधली. पण शेत खाली, गोठा खाली, ग्रामदैवत खाली. म्हशीची धार काढायला रोज पहाटे कोसभर कोण जाणार? म्हणून अनेकजण जुन्या गावातच राहिले. पाणी आलं की वर जातात, ओसरलं की खाली येतात.

आक्काचंही तेच. वरच्या भागात भाडं परवडत नाही. सुनेची गिऱ्हाइकं याच गल्लीतली. नातवाची शाळा जवळ. आणि मालकांची रेघ याच भिंतीवर.

आम्ही धीट आहोत म्हणून राहतो असं नाही. नाइलाज आहे म्हणूनच राहतो असंही नाही. थोडं ते, थोडं हे. पावसाळ्यातले दोन महिने आम्ही एका डोळ्यानं झोपतो. उरलेले दहा महिने या नदीसारखी नदी नाही, असं जगाला सांगत फिरतो. दोन्ही खरं आहे. ज्याला भीतीच वाटत नाही, तो शेवटच्या दिवशी माळ्यावर अडकतो. ज्याला नुसती भीतीच वाटते, तो आवाई उठली तरी पळत सुटतो. भीतीला आकडा जोडला, की ती शहाणी होते.

आक्का शिकली

२०१९ च्या दिवाळीनंतर आक्का आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं पाटी पुढं ठेवली आणि म्हणाली, "मला अ-आ नंतर शिकवा. आधी आकडे शिकवा."

आकडे आल्यावर तिनं काय केलं? बंधाऱ्यावर पाणी किती असताना आपल्या उंबऱ्याला लागतं, हे तिनं शेजारच्या गुरुजींना विचारून काढलं. ते निघालं ४७ फूट. मग तिनं कोळशानं दारामागं तीन आकडे लिहिले: ३९, ४३, ४७. ३९ पुढं लिहिलं, 'कागद'. ४३ पुढं लिहिलं, 'चला'. ४७ पुढं काही लिहिलं नाही. तेव्हा घरात कुणी असायचंच नाही, मग कुणासाठी लिहायचं?

२०२१ ला पाणी ३९ वर आलं तशी आक्कानं कागदांची पिशवी खांद्याला लावली. औषधं, चार कपडे, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या बांधल्या. शेळी आदल्या दिवशीच पुतण्याकडं पाठवली. ४३ व्हायच्या आत घर बंद करून ती गल्लीतल्या चार घरांची दारं वाजवत निघाली. "आकडा बघा, रेघ बघू नका," असं सांगत गेली.

घर त्या वर्षीही बुडालं. ते वाचवणं तिच्या हाती नव्हतं. परत आल्यावर चिखलात बसून ती रडली. आम्हीही रडलो. पण माणसं सगळी होती. कागद कोरडे होते. शिर सलामत तर पगडी पचास, ती म्हणाली, आणि झाडू उचलला.

आता तिच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. शेजारी तिच्याच हातचं वळणदार अक्षर आहे: २००५, २०१९, २०२१. सगळ्यांत वर भिंत मोकळी आहे. तिथं तिनं काही लिहिलेलं नाही. पण ती तिकडं बघते. आम्हीही बघतो.

२०२४ च्या जुलैतही पाणी ४३ च्या वर गेलं. त्या दिवशी सकाळी आक्कानं दूधवाल्याला विचारलं नाही. दूधवाल्यानं आक्काला विचारलं, "आक्का, पाणी किती फुटांवर आलंय?"

ध्यानात ठेवा

इशारा पातळी ३९ फूट. धोका पातळी ४३ फूट.

आपल्या उंबऱ्याला पाणी कितीला लागतं, तो आकडा शोधून दारामागं लिहा.

कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मृगाच्या आधीच बांधून ठेवा.

आजारी माणसं, बाळंतिणी, म्हातारी आणि जनावरं आधी हलवा.

घर सोडताना विजेचं मुख्य बटण आणि गॅस बंद करा.

मोबाईलवर आलेला आकडा खरा की आवाई, हे विचारून घ्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. अडचणीत ११२ लावा.

सांगा पाहू

१. कोणत्या नद्या मिळून पंचगंगा होते?

२. २०१९ साली पाणी धोका पातळीच्या वर १२ फूट ७ इंच होतं. २०२१ साली किती होतं? वजाबाकी करा.

३. फूग म्हणजे काय? घरातल्या मोरीचं उदाहरण देऊन मुलांना समजावून सांगा.

४. "रेघ झालेलं सांगती, व्हणारं सांगत न्हाई," असं आक्का का म्हणाली?

५. तुमच्या घराजवळच्या नदीची किंवा ओढ्याची इशारा पातळी किती? ठाऊक नसेल तर या आठवड्यात विचारून या आणि वर्गात फळ्यावर लिहा.